रेफर म्हणजे इलाज नाही! दवाखान्याचा हिशेब ग्रामसभेला द्या

(ज्यांना वाचता येते त्यांनी हा मजकूर पोडावर, बेड्यावर, चावडीवर मोठ्यानं वाचून दाखवावा.)





या अंकात जमिनीच्या दाव्यांसोबत दवाखान्याचा विषय घ्यायचा असं बैठकीत ठरलं, तेव्हा आपल्यातल्याच काही जणांनी विचारलं, "आपली लढाई जमिनीची. दवाखान्यात काहून घुसता?" कचेरीतले एक साहेब तर हसले. म्हणाले, "आता काय औषधाचेही दावे भरता काय?"

हो साहेब, भरतो. काहून भरतो ते सांगतो.

आपला वनहक्काचा दावा कसा फिरते ते आठवा. ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडे जाते. तिथं महिनोन् महिने पडून राहते. मंग एक दिवस 'त्रुटी आहे' म्हणून परत येते. कोणती त्रुटी, कोण सांगणार, कोणी लिहून देत नाही. आता आपला पेशंट कसा फिरते ते पाहा. उपकेंद्राला कुलूप. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही. तालुक्याच्या दवाखान्यात 'इथं सोय नाही, यवतमाळले न्या'. यवतमाळात 'नागपूरले न्या'. दाव्याले ते त्रुटी म्हणतात, पेशंटले रेफर म्हणतात. गोष्ट एकच. आपली जबाबदारी दुसऱ्याच्या दारात ढकलायची आणि कागदावर काही लिहायचं नाही. फरक एवढाच की दावा पडून राहिला तर कुजत नाही. माणूस पडून राहिला तर मरते.

आम्ही काय ऐकलं

राळेगाव, कळंब, केळापूर, घाटंजी, मारेगाव या पाच तालुक्यांतल्या पोडांवर, गावांत आम्ही बसलो. लोक बोलत गेले, आम्ही लिहीत गेलो. इथं आम्ही कोणत्याच दवाखान्याचं नाव लिहीत नाही. भीतीनं नाही. नाव लिहिलं की एका नर्सबाईची बदली होते, साहेब लोक सुटतात आणि दवाखाना जसाच्या तसा राहते. आमचं भांडण एका बाईशी नाही.

साप चावलेल्याची गोष्ट जवळपास प्रत्येक गावात आहे. मोहफुलं वेचताना, रात्री जागलीवर, कापसाच्या वावरात चावते. मोटारसायकलवर दोघांच्या मधात बसवून नेतात. तिथं सांगतात, इंजेक्शन संपलं. पुढं न्या. चिठ्ठी देत नाही. पुढच्या दवाखान्यात डॉक्टर विचारते, "पहिले काय दिलं? किती वाजता चावला?" कोण सांगणार? पेशंटची जीभ जड झालेली, सोबतचा पोरगा रडून राहिला. पहिल्या दवाखान्यानं दोन ओळी लिहिल्या असत्या तर दुसऱ्याचा अर्धा तास वाचला असता. सापाच्या विषाले अर्धा तास लहान नसते.

बाळंतपणाची गोष्ट बाया सांगतात आणि मध्येच थांबतात. रात्री कळा सुरू. गाडीले फोन केला तर 'गाडी दुसऱ्या केसवर आहे'. मंग गावातलाच ऑटो. दवाखान्यात पोचलं तर 'डॉक्टर सकाळी येतात, रिस्क आहे, पुढं न्या'. राळेगावहून यवतमाळ पन्नासेक किलोमीटर. वाटेत, रस्त्याच्या कडेला, सासूनं लुगड्याचा आडोसा धरून लेकरू जन्मले येते. ते लेकरू कोणाच्या रजिस्टरात? हा दवाखाना म्हणते आमच्याइथं झालं नाही, तो म्हणते आमच्याइथं झालं नाही. मंग पंधरा वर्षांनी त्याच लेकराच्या जातीच्या दाखल्याले जन्माचा पुरावा मागतात!

कोलाम म्हातारीची गोष्ट आहे. तिले कोलामी येते, मराठी तुटकी. डॉक्टर घाईत विचारते, "पोट दुखते काय?" हो. "उलटी झाली काय?" हो. "पहिले गोळ्या घेतल्या काय?" हो. म्हातारी सगळ्याले हो म्हणते, कारण मोठ्या माणसाले नाही म्हणायचं नसते असं तिले वाटते. त्या तीन 'हो'वर औषध लिहिलं जाते. महाराष्ट्रात सरकारनं कोलाम, कातकरी आणि माडिया गोंड अशा तीन जमातींना अतिमागास, म्हणजे खास जपायच्या जमाती, म्हणून यादीत घातलं आहे. यादीत जपतात, ओपीडीत जपत नाही.

सिकलसेलच्या पोराची गोष्ट ऐका. अंग मोडून येते, हाडं फुटल्यासारखी दुखतात, पोरगं लोळते. बाहेरून जखम दिसत नाही. म्हणून म्हणतात, "नाटक करते. इंजेक्शनची सवय लागली." २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेल हे अपंगत्व म्हणून लिहिलेलं आहे. कायद्याले जे दिसते ते दवाखान्याच्या टेबलावरच्या माणसाले दिसत नाही.

आणि सोबतचे नातलग? त्यांची तर कोणी मोजदादच करत नाही. आपला माणूस एकटा दवाखान्यात जात नाही. घर जाते, कधी अर्धं पोड जाते. आपली रीतच तशी आहे, दुखण्यात माणसाले एकटं सोडायचं नसते. पण वॉर्डाच्या दारात गार्ड उभा. "एकच जण थांबा, बाकीचे बाहेर!" बाहेर म्हणजे कुठं? व्हरांड्यात, सायकल स्टँडजवळ, झाडाखाली. पावसाळ्यात भिंतीले चिकटून उभं राहून रात्र काढायची. संडासले कुलूप, प्यायच्या पाण्याची टाकी कोरडी. चूल मांडली तर हाकलतात, हॉटेलात खायले पैसे नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत दोन माणसं आठ दिवस दवाखान्यात बसली तर त्या घरची त्या वर्षाची मजुरी गेली समजा. मंग लोक तीन दिवसांत पेशंटले उचलून घरी आणतात, आणि रजिस्टरात लिहिलं जाते: 'पेशंट न सांगता पळून गेला'. पळून गेला नाही हो. तुम्ही उपाशी ठेवून पळवला.

"तुम्ही लोक उशिरा येता"

हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं की पाठ झालं. "आदिवासी आधी भगताकडे जातात, मंग मरायच्या वेळी आमच्याकडे आणतात."

भगताकडे जातात हे खरं आहे, लपवून काय करायचं? पण काहून जातात? भगत त्याच पोडावर राहते. मध्यरात्री उठते. आपल्या भाषेत बोलते. हाकलत नाही. पेशंटच्या सोबतच्यांना बसायले चटई देते. भगताजवळ सापाच्या विषावर इलाज नाही हे आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो, पुढंही सांगू. साप चावला की पहिले दवाखाना, यात आमचं दुमत नाही. पण ज्या दवाखान्यात इंजेक्शन नाही त्यानं भगताले नावं ठेवू नये.

आणि उशीर मोजायचाच असेल तर पूर्ण मोजा. पोडापासून डांबरी रस्त्यापर्यंत किती वेळ, गाडी येईपर्यंत किती, पहिल्या दवाखान्यात बाकावर किती, दुसऱ्यात किती. भगताकडचा वेळ तुम्ही मोजता, तुमच्या बाकावरचा वेळ कोण मोजते?

सरकारचंच माप सांगतो. आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र, २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र पाहिजे. मैदानी भागात हेच माप ५,००० आणि ३०,००० आहे. म्हणजे जंगलातल्या माणसाले दवाखाना जास्त जवळ पाहिजे हे सरकारनं मान्य केलेलं आहे. भिंती बांधल्या की माप पूर्ण झालं असं ते समजतात. आम्ही म्हणतो, दार उघडं आणि आत माणूस असेल तरच ते उपकेंद्र. नाही तर तो बकऱ्या बांधायचा गोठा.

वाघिणीसाठी सारं आलं

हा भाग विसरू नका. राळेगाव, केळापूरच्या पट्ट्यात टी-१ वाघीण फिरत होती. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर ठेवला गेला. २०१८ च्या त्या दिवसांत आपल्या जंगलात काय काय नाही आलं? नेमबाज आले, ड्रोन आले, हत्ती आले, इटालियन जातीचे कुत्रे आले, वाघिणीले भुलवायले परदेशी अत्तर आलं. त्यातला एक हत्ती सुटला आणि आपल्याच तालुक्यातल्या चहांद गावात एका बाईचा जीव गेला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात वाघिणीले गोळी घातली.

वाघीण मेली म्हणून आम्ही नाचलो नाही. जंगल तिचंही होतं. आमचा सवाल वेगळा आहे. सरकारले वाटलं तेव्हा ज्या रस्त्यानं हत्ती आणि ड्रोन पोचले, त्याच रस्त्यानं वेळेवर रुग्णवाहिका काहून पोचत नाही? त्या वेळी रस्ता खराब नव्हता काय? नाला आडवा नव्हता काय? म्हणजे साधनं नाही असं नाही. इच्छा नाही.

आणि जनावरानं फाडलेल्या माणसाले वनखात्याची मदत मिळवायची तर काय लागते? सरकारी डॉक्टरचा दाखला. म्हणजे पुन्हा दवाखान्याचाच कागद.

फवारणीचं वर्ष

२०१७ चा पावसाळा. कापसावर फवारणी करता करता माणसं चक्कर येऊन पडू लागली. डोळ्यांना दिसेना, श्वास लागेना. यवतमाळ जिल्ह्यात वीसाहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर मेले, शेकडो यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात भरती झाले. देशभरचे पेपरवाले आले, सरकारनं विशेष चौकशी पथक नेमलं, मेलेल्यांच्या घरच्यांना दोन लाखांची मदत जाहीर केली. आणि दोष कोणावर? फवारणाऱ्यावर! तोंड बांधलं नाही, हातमोजे घातले नाही. मजुरीनं फवारणाऱ्याले हातमोजे कोण देणार होतं, हे कोणी विचारलं नाही.

या वर्षानं आपल्याले एक धडा दिला. जो मेला त्याच्या घरच्याले मदत पाहिजे तर कागद पाहिजे. विषबाधेनं मेला हे डॉक्टरनं लिहिलं पाहिजे, पोलीसात नोंद पाहिजे, शवविच्छेदनाचा अहवाल पाहिजे. पहिल्या दवाखान्यानं नुसतं 'ताप, उलटी' लिहून पाठवलं की पुढचं सगळं अडलं.

जमिनीची गाठ इथंच पडते, नीट ऐका. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला, त्यात सर्पदंश आला, विषबाधा आली, तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून घरच्यांना दोन लाख मिळतात. पण कोणाले? ज्याच्या घरात सातबारा आहे त्याले. आपल्या किती जणांचे दावे अजून समितीत धूळ खात पडले आहेत? तो माणूस तेच वावर बापजाद्यांपासून कसते, त्याच वावरात त्याले साप चावते, आणि मेल्यावर सरकार म्हणते हा शेतकरीच नाही. एका कचेरीनं जमिनीचा कागद अडवला, दुसऱ्या दारात दवाखान्याचा कागद अडला. दोन्ही कागद मिळून दोन लाख. विधवेच्या हाती शून्य.

आता कळलं काय, जमिनीची संघटना दवाखान्यात काहून घुसते?

आमचं भांडण कोणाशी नाही

एक गोष्ट स्पष्ट करतो. आशाताई, नर्सबाई, गाडीचा ड्रायव्हर, रात्री एकटा अख्खा दवाखाना सांभाळणारा तरुण डॉक्टर, हे आमचे दुश्मन नाहीत. आशाताई तर आपल्याच घरातली सून-लेक आहे. कामाचा नीट पगारही तिले मिळत नाही. दवाखान्यात जाऊन कोणाच्या अंगावर हात टाकायचा नाही, काचा फोडायच्या नाही. एक काच फुटली की दुसऱ्या दिवशी पेपरात काचेचीच बातमी येते. आपला मेलेला माणूस बातमीतून गायब होते.

३१ जानेवारी २०२१ चं आठवा. आपल्या शेजारच्या घाटंजी तालुक्यात, भांबोरा आरोग्य केंद्राच्या हद्दीत, कापसी-कोपरी गावात बारा लेकरांना पोलिओच्या डोसाऐवजी हात धुवायचं सॅनिटायझर पाजलं गेलं. लेकरं वाचली हे आपलं नशीब. तिथं हजर असलेल्या कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. व्हायलाच पाहिजे होती. पण दोन बाटल्या एकाच टेबलावर कशा आल्या, डोस देणाऱ्यांना शिकवणूक किती दिली, त्यांच्यावर देखरेख कोणाची होती? हे सवाल वर गेले नाही. खालच्या माणसाले शिक्षा झाली की वरचा साहेब हात धुऊन मोकळा.

कायदा काय म्हणते

आम्ही भीक मागत नाही. खालचं सगळं लिहिलेलं आहे. पाठ करून ठेवा.

एक. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं पश्चिम बंग खेतमजूर समितीच्या खटल्यात निकाल दिला. एक शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याले मार लागला, सरकारी दवाखान्यांनी 'खाट नाही' म्हणत त्याले एका दारातून दुसऱ्या दारात फिरवलं. कोर्टानं सांगितलं, तातडीचा इलाज नाकारणं म्हणजे जगण्याचा हक्क मोडणं आहे, आणि पैसा नाही हे सरकारचं कारण चालणार नाही. हा खटला मोठ्या वकिलाच्या डोक्यातून निघाला नाही. आपल्यासारख्या मजुरांच्या संघटनेनं लढवला.

दोन. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट आहे. सिझेरियन, औषध, रक्त, दवाखान्यातलं जेवण फुकट. घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि परत घरी सोडायची गाडीही फुकट. डिझेलचे पैसे मागितले तर देऊ नका, तारीख-वेळ लिहून ठेवा.

तीन. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत तपासणी आणि इलाज फुकट केला आहे. वैद्यकीय महाविद्यालयाचे दवाखाने वेगळ्या खात्याचे आहेत, त्यांचे नियम वेगळे.

चार. २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमात लिहिलं आहे, पेशंटनं किंवा त्याच्या माणसानं मागितलं तर इलाजाचे कागद ७२ तासांत द्यावे लागतात. 'कागद दवाखान्याचे आहेत, देता येत नाही' हे खोटं आहे.

पाच. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२). दवाखान्यासाठी, रस्त्यासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी एक हेक्टरच्या आत वनजमीन देता येते. हेक्टरी ७५ झाडांच्या वर तोड नको आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. 'जंगल आहे म्हणून रस्ता होत नाही, उपकेंद्र होत नाही' असं जो सांगते त्याले हे कलम दाखवा. खाणीले जंगल आडवं येत नाही, मंग बाळंतिणीच्या रस्त्यालेच काहून येते?

सहा. पेसा कायदा १९९६. राळेगाव, केळापूर, घाटंजी, मारेगाव तालुक्यांतली आपली कितीतरी गावं पाचव्या अनुसूचीत आहेत. तिथं सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि कर्मचारी यांच्यावर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभेले आणि पंचायतीले आहे. शाळा ही संस्था आहे, दवाखानाही संस्था आहे. महाराष्ट्रानं याचे नियम २०१४ मध्ये केले. म्हणजे ग्रामसभेनं दवाखान्याचा हिशेब मागणं ही दादागिरी नाही, कायद्याचं काम आहे.

हे होऊ शकते काय? झालं आहे. अमरावती, नंदुरबार या जिल्ह्यांत २००७ पासून लोकांनी आपल्या दवाखान्यावर देखरेख ठेवली, जनसुनवाया घेतल्या, डॉक्टर-अधिकारी समोर बसून उत्तरं देऊ लागले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं आधी आदिवासींनाच विचारलं की दवाखान्याले घाबरता काहून. लोकांनी सांगितलं, मोठी इमारत, पांढरे कपडे, आपल्या माणसांना बाहेर काढतात, आपला देव तिथं नाही. मंग शोधग्रामात झोपड्यांसारखा दवाखाना झाला, नातलग सोबत राहतील असा. नाव ठेवलं माँ दंतेश्वरी. विचारलं तर असं होते. आपल्याले अजून कोणी विचारलंच नाही, म्हणून आपणच सांगायले जाऊ.

आता काय करायचं

प्रत्येक गावानं एक वही घ्यावी. शाळा शिकलेल्या पोरापोरींनी ती सांभाळावी. कोण पेशंट गेला, किती वाजता निघाला, कुठं किती वाजता पोचला, काय औषध दिलं, बाहेरून काय आणायले लावलं, कोणी पुढं पाठवलं, चिठ्ठी दिली की नाही. राग लिहू नका, वेळ लिहा. रागाले साहेब घाबरत नाही, तारीख-वेळेले घाबरते.

आणि येत्या ग्रामसभेत हा ठराव घ्यावा:

'आमची ग्रामसभा ठरवते की, (१) कोणत्याही सरकारी दवाखान्यानं पेशंट पुढं पाठवताना कारण, दिलेला इलाज आणि वेळ लिहून सही-शिक्क्याची चिठ्ठी द्यावी आणि गाडी दवाखान्यानंच करून द्यावी. (२) सर्पदंशाची लस, डॉक्टर-नर्सची हजेरी आणि रुग्णवाहिकेचा नंबर रोज फळ्यावर लिहावा. (३) गोंडी-कोलामी बोलणारा माणूस ओपीडीत बसवावा. (४) नातलगांसाठी छप्पर, पाणी, संडास आणि चुलीची जागा द्यावी. (५) रुग्ण कल्याण समितीत कोण आहे ते ग्रामसभेले कळवावं आणि समितीनं केलेला खर्च ग्रामसभेत वाचून दाखवावा. (६) सर्पदंश, विषबाधा, जनावराचा हल्ला यात मेलेल्या-जखमी झालेल्यांचे कागद घरच्यांना मागितल्याबरोबर द्यावे. (७) ज्यांचे वनहक्क दावे बाकी आहेत त्यांना शेतकरी धरून अपघाताची मदत द्यावी.'

ठरावाची एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्याले, एक तहसीलदाराले, एक प्रकल्प अधिकाऱ्याले. पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज. दहा रुपये फी आहे, दारिद्र्यरेषेखालच्याले तीही नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागते, आणि जीवाचा प्रश्न असेल तर ४८ तासांत.

आपण दाव्यासाठी लढलो तेव्हाही म्हणत होते, अडाणी लोक, यांना काय कळते. आज नियमात लिहिलं आहे की दावा नाकारला तर कारण लेखी द्यावं लागते आणि साठ दिवसांत अपील करता येते. जमिनीच्या दाव्यात 'नाही' म्हणायले त्यांना कारण लिहावं लागते, तर जिवंत माणसाले 'नाही' म्हणताना काहून लिहू नये?

वह्या घेऊन पुढच्या बैठकीले या. ज्या गावाची वही कोरी असेल त्या गावानं समजावं की आपल्या पेशंटचा हिशेब दुसरंच कोणी लिहून राहिलं आहे, आणि त्यात लिहिलं आहे, 'पेशंट पळून गेला'.

जमीन आमच्या हक्काची! दवाखाना आमच्या हक्काचा!
लढेंगे, जीतेंगे!